वाढणं आणि भरवणं

आपल्या भागात कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. मराठीत 'जेवलात का?' आणि कन्नडमध्ये 'ऊटा आतेन्री?' प्रकृती, पाऊसपाणी, मुलांच्या परीक्षा हे सगळं त्यानंतर. माणूस जेवलेला असेल तर त्याचं बरं चाललंय, असा आपला साधा हिशेब. तोच हिशेब आपण तान्ह्या मुलालाही लावतो. मूल बोलत नाही, म्हणून त्याचा जबाब आईकडून घेतो. 'खातो का नीट?' आई 'हो' म्हणाली तर आई चांगली. 'नाही हो, तोंडच उघडत नाही' म्हणाली, तर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते तिला न सांगता कळतं.

आता 'आमचा बाळ काहीच खात नाही' ही तक्रार दहा घरांतल्या आठ घरांत ऐकू येते, आणि बहुतेक वेळा तिच्यात काळजीचं काही नसतं. जन्माच्या वेळी तीन किलोचं असलेलं मूल वर्षाचं होईपर्यंत नऊ किलोच्या आसपास जातं. म्हणजे वजन तिप्पट होतं. पुढच्या अख्ख्या वर्षात मात्र जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढीचा वेग मंदावला की भूकही मंदावते. त्यात मूल चालायला लागलेलं असतं, त्याला जग बघायचं असतं. शिवाय त्याचं पोट ते केवढं? किलोमागे साधारण तीस मिलिलिटर. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी एक वाटी मावते, आणि आपण त्याच्यासमोर वाडगा भरून मऊभात घेऊन बसतो. अशी मुलं खेळती असतात, वजन हळूहळू का होईना वाढत असतं. त्यांच्या आयांनी निर्धास्त राहावं.

पण काही मुलांचं 'खात नाही' वेगळं असतं. घास ओठाशी आला की ती मान फिरवतात. जिभेवर ठेवला की उमासे येतात. पाणी पितानासुद्धा ठसका लागतो. एकेक जेवण तास-तासभर चालतं आणि शेवटी सगळं उलटून पडतं. वजनाचा काटा महिनोन्महिने एका जागी बसून राहतो. अशा घरात दिवसातून चार वेळा जेवणाची वेळ येते आणि चार वेळा पोटात गोळा येतो, मुलाच्याही आणि आईच्याही. आज लिहायचंय ते या घरांबद्दल.

माझी एक मावसबहीण लग्नानंतर हजीऱ्याला राहायला गेली. हजीरा म्हणजे सुरत शहराच्या पुढे पंचवीसेक किलोमीटरवर, तापी समुद्राला मिळते तिथलं टोक. खानदेशातून, भुसावळवरून वाहत गेलेली आपली तापी तिथे संपते. शेजारच्या सुवाळीच्या समुद्रात १६१२ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांची लढाई झाली होती. आज तिथे कारखाने आहेत. १९८०च्या दशकात कृभकोचा खत कारखाना आला, हजीऱ्यापासून विजयपूर-जगदीशपूरपर्यंत वायुवाहिनी गेली, मग पोलाद आलं, बंदर आलं. देशाच्या कानाकोपऱ्यातली माणसं पाळ्यांवर कामं करतात आणि वसाहतींत राहतात. सुरत शहरात उधना-लिंबायत भागात खानदेशी मराठी भरपूर कानावर पडते. पण हजीऱ्याच्या वसाहतीत बहिणीच्या दाराला दार लावून एक ओडिया कुटुंब आणि एक बिहारी. आमची मावशी कन्नड घरात वाढलेली, तेव्हा बहीण आईशी फोनवर कन्नडमध्ये बोलते, नवऱ्याशी मराठीत आणि भाजीवाल्याशी गुजरातीत.

तिचा मुलगा एकतिसाव्या आठवड्यात झाला. सव्वा किलोचा. पाच-सहा आठवडे काचेच्या पेटीत होता, तोंडातून नळीने दूध. त्याला इलाज नव्हता. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तीन गोष्टींचा मेळ बाळाला साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला नळी म्हणजे जीवदान. नळी निघाली, मुलगा थोडं थोडं दूध प्यायला लागला, घरी आला. आपल्या रिवाजाप्रमाणे उष्टावणाचा पहिला घास मामाने भरवायचा, म्हणून मीही गेलो होतो. चांदीच्या चमच्यातली खिरीची बोटभर चाटण ओठाला लागली आणि मुलगा असा काही उमासला की सगळे घाबरून उठले. पहिल्या दिवशी होतं असं, म्हणत सगळे हसलो.

ते पहिल्या दिवसापुरतं नव्हतं. चौदाव्या महिन्यात त्याचं वजन सात किलोच्या आत होतं. तो फक्त दूध प्यायचा, तेही झोपेच्या गुंगीत. मोबाइलवर गाणी लावून, बाल्कनीत कबुतरं दाखवून, बापाने हात धरून आणि आईने गाल दाबून, सगळं करून झालं होतं. बेळगावहून मावशीचा रोज तिन्हीत्रिकाळ व्हिडिओ कॉल: 'इवत्त एष्ट तिंदा?' आज किती खाल्लं? बहीण दोन चमच्यांचे पाच सांगायची. मला एकदा म्हणाली, "दादा, मला आता त्याच्या जेवणाची वेळ झाली की पळून जावंसं वाटतं. आईला असं वाटतं का कधी?"

वाचकहो, वाटतं. आणि तसं वाटण्याला कारण आहे. घास गिळणं हे आपल्याला श्वासासारखं आपोआप होणारं काम वाटतं. प्रत्यक्षात त्यात तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या पंचवीस-तीस स्नायूंच्या जोड्या आणि मेंदूतून निघणाऱ्या पाच-सहा नसा एकाच वेळी ताळ धरतात. नाटकात एकाची एंट्री चुकली तरी प्रवेश कोसळतो, तसंच इथे. टाळू दुभंगलेली असेल, हृदयाला दोष असल्याने बाळ चोखताना दमत असेल, पोटातलं आंबट वर येऊन अन्ननलिका जळत असेल, मेंदूला इजा झाल्याने स्नायू ढिले किंवा ताठ असतील, स्वमग्नतेमुळे विशिष्ट स्पर्श, वास, रंग सहन होत नसेल, तर मूल खात नाही. आणि ज्याच्या तोंडात पहिले कितीतरी दिवस फक्त नळ्या गेल्या, त्या मुलाच्या दृष्टीने तोंडाजवळ येणारी प्रत्येक वस्तू म्हणजे संकट. हा हट्टीपणा नव्हे, ही त्याच्या शरीराची आठवण आहे.

वैद्यकशास्त्रानेही या दुखण्याला एक नाव द्यायला बराच वेळ घेतला. २०१३ साली मानसोपचाराच्या अमेरिकन वर्गीकरणात खाणं टाळण्याच्या विकाराची नोंद झाली. २०१९ साली तज्ज्ञांच्या एका गटाने 'पीडियाट्रिक फीडिंग डिसऑर्डर' अशी संज्ञा पक्की केली. तिची व्याख्या सोपी आहे: मूल आपल्या वयाला साजेसं तोंडाने खात-पीत नाही, निदान दोन आठवडे हे चाललंय, आणि त्यामागे चारपैकी एक तरी गोष्ट आहे. आजार, पोषणाची कमतरता, खाण्याचं कौशल्य कच्चं असणं, किंवा मुलाच्या मनातला आणि घरातला ताण. २०२१च्या ऑक्टोबरपासून अमेरिकेत या विकाराला आजारांच्या यादीत स्वतंत्र क्रमांकही मिळाला. या चार गोष्टींत 'आईचा नाकर्तेपणा' कुठेही नाही, हे मी मुद्दाम लिहितो आहे.

मी भाषा शिकवणारा माणूस, तेव्हा शब्दांकडे माझं लक्ष आधी जातं. मुलाला खायला देण्यासाठी मराठीत दोन क्रियापदं आहेत. एक 'भरवणं'. त्यात 'भरणं' आहे. पोतं भरावं तसं. कर्ता सगळा आई, मूल नुसतं भांडं. दुसरं 'वाढणं'. आई पानात वाढते, आणि मूलही वाढतं. ताटात पडणं आणि अंगाने मोठं होणं, दोन्हींना एकच शब्द. वाढणारी वाढून मोकळी होते. पुढचं काम जेवणाऱ्याचं. कन्नडमध्ये 'उणिसु' म्हणजे खाऊ घालणं आणि 'बडिसु' म्हणजे वाढणं. गंमत म्हणजे 'बडि' म्हणजे मारणं, आणि आपल्या कैक घरांत एकाच पंगतीत दोन्ही उरकलं जातं. 'कैतुत्तु', आईच्या हातचा घास, हा कन्नडमधला अतिशय मायेचा शब्द आहे. त्याची माया कमी करायची नाही. पण जे मूल घासाला घाबरतं, त्याच्यापुरतं भरवण्याकडून वाढण्याकडे सरकावं लागतं.

हे माझ्या पदरचं नाही. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी १९८३ साली आलेल्या पुस्तकात पालक आणि मूल यांच्यात कामाची वाटणीच करून दिली. काय वाढायचं, केव्हा आणि कुठे, हे पालकांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. त्याच्याही आधी, १९२०च्या दशकात, क्लारा डेव्हिस नावाच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी नुकतं अंगावरचं सुटलेली बाळं घेऊन एक प्रयोग केला. १९३९ साली त्यांनी त्याचा वृत्तान्त मांडला. पंधरा मुलं, चौतीस साधे पदार्थ. परिचारिकेने चमचा हातात धरून गप्प बसायचं. मूल ज्या वाटीकडे हात करील, तेच द्यायचं. आग्रह नाही, कौतुक नाही. कुणी एके दिवशी नुसतं हेच खाल्लं, कुणी नुसतं तेच, पण काही महिन्यांत सगळी मुलं छान पोसली. अर्थात त्या चौतीस पदार्थांत साखर नव्हती, बिस्किटं-कुरकुरे नव्हते, आणि मुलांच्या घशात दोष नव्हता, हेही विसरायचं नाही.

इथेच सावध राहायला हवं. 'उपाशी ठेवा, भूक लागली की आपोआप खाईल' हा सल्ला धडधाकट मुलाला एकवेळ चालेल. ज्याला गिळताच येत नाही किंवा घासाची दहशत बसली आहे, ते मूल भुकेने खात नाही, आजारी पडतं. उलट टोकाचा उपाय म्हणजे मुलाला पायांवर आडवं घेऊन, नाक दाबून बोंडल्याने घशात ओतणं. बोंडलं, कन्नडमधलं ओळले, ही वस्तू वाईट नाही. कमी दिवसांच्या बाळाला दूध पाजायला ती रुग्णालयांतही वापरतात. पण नाक दाबून ओतलेलं दूध श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. ठसका, जेवताना घरघरणारा ओला आवाज, वरचेवर छातीत कफ, ही लक्षणं दिसली तर घरगुती उपाय थांबवून आधी डॉक्टर गाठावा. गुटी, काढे यांनी भूक 'उघडत' बसू नये. वर्षाच्या आतल्या मुलाला मध तर चाटवूच नये.

हजीऱ्याच्या घरी पुढे काय झालं ते सांगतो. बालरोगतज्ज्ञांनी आधी रक्त तपासलं. लोह बरंच कमी निघालं. हे दुर्मीळ नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत रक्तक्षयाचं प्रमाण देशात ६७.१ टक्के होतं, कर्नाटकात ६५.५, महाराष्ट्रात ६८.९ आणि गुजरातेत ७९.७. लोह कमी झालं की भूक मरते, भूक मेली की लोह आणखी कमी होतं. औषध सुरू झालं. मग त्यांनी पाठवलं स्पीच थेरपिस्टकडे. बहीण चक्रावली. मुलाच्या बोलण्याचा काय संबंध? पण बोलणारं तोंड आणि गिळणारं तोंड एकच. गिळण्याच्या अडचणी हा वाचोपचारतज्ज्ञांच्या अभ्यासाचाच भाग आहे. त्या बाईंनी पहिल्या दिवशी काहीच केलं नाही. मुलाचं एक अख्खं जेवण बाजूला बसून पाहिलं. मग म्हणाल्या, याच्या जिभेच्या टोकालाच उमासा आहे, तो मागे सरकवायचा. त्याला वेळ लागेल.

त्यांनी घालून दिलेली शिस्त अशी होती. जेवण पंचवीस-तीस मिनिटांत संपवायचं, पोटात काही गेलेलं असो वा नसो. मोबाइल बंद. गाल दाबणं बंद, हात धरणं बंद. पाठ टेकून, पाय टेकवून सरळ बसवायचं. रिकामा चमचा खेळायला द्यायचा. हात अन्नात बरबटू द्यायचे. पोषणाची बाजू डॉक्टरांनी ठरवलेल्या दुधातून आणि वरून घातलेल्या तुपातून सांभाळायची, म्हणजे घासावर वजनाचं ओझं पडत नाही. वजन महिन्यातून एकदाच. आणि घरातल्या मोठ्यांनी त्याच्यासोबत बसून जेवायचं, त्याच्याकडे न पाहता.

शेवटचं कलम सर्वांत अवघड गेलं. नवरा पाळीवरून यायचा तो भुकेला आणि काळजीत. ताटापेक्षा मुलाच्या तोंडाकडे त्याची नजर. मावशीला तर फोनवरून कळेचना, की नातू खात नाही आणि याला उपाय म्हणून त्याला खायला घालायचंच नाही, हे कसलं औषध! तीन महिने काही दिसलं नाही. मग एका रविवारी बाप सुरती लोचो खात बसला होता. बेसनाचं ते मऊ, अर्धवट शिजल्यासारखं खमण. मसाला, तेल काही न घातलेला कोपरा पोराने बोटाने उकरला आणि तोंडात घातला. उमासा आला, तो त्याने गिळला, पुन्हा बोट घातलं. बहिणीने रात्री फोन केला, "दादा, लोचा झाला!" मराठीत हा शब्द घोळासाठी वापरतात. त्या दिवशी तो आनंदासाठी वापरला गेला.

आज तो अगदी सगळं खातो असं नाही. रवाळ, फुटणारं, तंतू असलेलं अजून नको असतं. नाचणीची आंबील चालते, भाकरी नाही. वजनाची रेघ मात्र वर चढू लागली आहे. सगळ्याच मुलांचं असं होत नाही, हेही लिहायला हवं. काहींना वर्षानुवर्षं नळीने किंवा थेट पोटात बसवलेल्या नळीने अन्न द्यावं लागतं. तो पराभव नाही. चष्मा लावणाऱ्याला आपण हरलेला म्हणत नाही.

कुणाच्या घरी असं मूल असेल तर कुठून सुरुवात करावी? घरात एक पुस्तिका असतेच. कर्नाटकात तिला तायी कार्ड म्हणतात, गुजरातेत ममता कार्ड, महाराष्ट्रात माता-बाल संरक्षण कार्ड. तिच्यातला वजनाचा आलेख भरलेला आहे का ते पाहा. लागोपाठ दोन-तीन महिने रेघ आडवी किंवा उतरती असेल, तर 'अंगकाठीच बारीक आहे' म्हणून सोडून देऊ नका. अंगणवाडीत दंडाचा घेर मोजण्याची पट्टी असते. सहा महिन्यांवरच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण. त्याच दिवशी हालचाल करायची. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत मुलांची तपासणी होते आणि अडचण दिसल्यास जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवलं जातं. तिथे खर्च पडत नाही. आपल्यासारख्या दुभाषी घरांना आणखी एक सोय आहे. मैसूरूला १९६५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्था आहे, आणि मुंबईत वांद्र्याला १९८३ची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. मैसूरूला गिळण्याच्या अडचणींवरही काम चालतं. ज्या भाषेत रडता येतं, त्या भाषेत डॉक्टरांशी बोलता आलं तर निम्मं ओझं उतरतं.

एक गोष्ट उष्टावण झालेल्या प्रत्येक घरासाठी. सहा महिन्यांनंतर पातळ पेजेवरच महिनोन्महिने थांबू नये. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या परिसरातल्या मुलांच्या २००१ सालच्या अभ्यासात दिसलं, की ज्यांना दहा महिन्यांनंतर पहिल्यांदा गुठळ्या असलेलं, चावायचं अन्न मिळालं, ती मुलं सव्वा वर्षाची झाल्यावर खाण्यात जास्त त्रास देत होती. भात मिक्सरमधून काढण्यापेक्षा बोटांनी कुस्करावा, आणि दर महिन्याला थोडा कमी कुस्करावा.

आणि राहिलो आपण नातेवाईक. आजी, मामा, आत्या, शेजारीण. अशा घरी गेलो की 'अजून बाळसं धरलं नाही वाटतं' हे वाक्य उंबऱ्याबाहेर ठेवावं. आई जेवली का ते विचारावं. बहुधा जेवलेली नसते. मुलाला तासभर खेळवावं, म्हणजे तिला गरम भात खाता येईल. फोन करणाऱ्या आजोबा-आजींनी 'किती खाल्लं'ऐवजी 'आज काय खेळला' असं विचारून पाहावं. मावशीने हल्ली तसं करायला सुरुवात केली आहे. परवा नातवाने तिला व्हिडिओ कॉलवर आपलं आंबिलीने बरबटलेलं तोंड दाखवलं. काही विचारायची तिला गरजच पडली नाही.